ओ द्यायची नाही

नियम माझाच होता. कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. आठ मुलांच्या डोक्यात हे मी इतकं घोटून बसवलं होतं, की तेवढे पाढे त्यांना कधी पाठ झाले नाहीत. एरवी माझं कोण ऐकतं? वही आणा म्हटलं तर पाटी आणतील. पण हे एक त्यांनी अगदी कान देऊन ऐकलं, आणि त्या ऐकण्यापायी एका सकाळी माझ्या तोंडचं पाणी पळालं. अजूनही थंडीत पहाटे धुकं दिसलं की मी आधी मुलं मोजते. लोकांना धुकं बघून छान वाटतं म्हणे. वाटू दे बापडं.

मी धारूरच्या डोंगराकडेच्या एका गावात सरकारी शाळेत शिकवते. दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलपं लावून ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात, ती पार पाडव्याच्या आसपास परततात. ज्यांना मुलांची शाळा बुडवायची नसते ते मुलं मागे ठेवतात. शाळेच्याच दोन खोल्यांत त्यांचं हंगामी वसतिगृह चालतं. एक मावशी दोन्ही वेळचं रांधते आणि रात्री मुलींच्या खोलीत झोपते. मी शेजारीच एक खोली घेऊन राहते. यजमान माजलगावला नोकरीला. पूर्वी मी रविवारी तिकडे जायची, पण हिवाळ्यातले रविवार बघितल्यावर ते जाणं आपोआप कमी झालं.

कारण रविवार म्हणजे फोनचा दिवस. संध्याकाळी उसाच्या फडावरून आईबापांचे फोन येतात आणि मुलं सकाळपासूनच तोंडं पाडून बसतात. कुणाला भूक नसते, कुणाचं पोट दुखतं. मी काही मायाळू वगैरे बाई नाही. रडणारं मूल बघितलं की मला आधी राग येतो, मग कीव. तर त्या रागातच एका रविवारी मी यजमानांचा धूळ खात पडलेला छोटा कॅमेरा काढला, सिम काढलेले दोन जुने मोबाईल घेतले आणि म्हटलं, चला, उठा, पाझर तलावावर पाखरांचे फोटो काढू.

मला तरी कुठे येत होतं? पहिले दोन रविवार मीच सगळे हललेले फोटो काढले. मग हळूहळू कळत गेलं. कोपरं बरगड्यांना टेकवायची. श्वास अर्धा सोडायचा आणि मग बटण दाबायचं. सूर्य पाठीशी घ्यायचा. थंडीत नऊपर्यंत ऊन तिरपं असतं, तेवढ्यात दव चमकतं, नंतर सगळं पांढरंफटक. पाखराच्या डोळ्याच्या उंचीला यायचं, म्हणजे उकिडवं बसायचं. उकिडवं बसण्यात आमची पोरं माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तासभर हलत नाहीत. माझे गुडघे पाच मिनिटांत बोंब मारतात.

नियम आला तो एका खंड्यामुळे. एक पोरगा अर्धा तास खंड्यावर नेम धरून बसला होता, आणि तलावाच्या पलीकडून दुसऱ्यानं त्याला हाक मारली. आमच्याकडे हाकेला ओ न देणं म्हणजे उर्मटपणाचा कळस. पहिल्या हाकेला ओ आली नाही तर दुसऱ्या हाकेबरोबर आई काहीतरी फेकून मारते. पोरानं सवयीनं खणखणीत ओ दिली आणि खंड्या उडाला. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी म्हटलं, भांडू नका. आजपासून तलावावर कुणी हाक मारायची नाही आणि कुणी मारली तरी ओ द्यायची नाही. अगदी मी मारली तरी. मी काठीला लाल रुमाल बांधून वर धरीन, तो दिसला की गुपचूप यायचं. चपला वाजतात, म्हणून पुढे पुढे मुलं चपलाही काढून ठेवायला लागली. ही युक्ती सहावीतल्या एका मुलीची. सगळ्यांसमोर मी तिचं केवढं कौतुक केलं होतं.

तिच्याबद्दल जरा सांगायला हवं. अंगानं काटकुळी, बोलणं कमी, डोळे सगळीकडे. आदल्या वर्षी आईबापांनी तिला फडावर नेलं होतं, धाकट्या भावाला सांभाळायला. परत आली तेव्हा भागाकार विसरली होती आणि तळहाताला घट्टे होते. यंदा मी तिच्या आईशी दोन संध्याकाळ भांडले. शेवटी ट्रॅक्टर भरून उभा असताना आईनं माझा हात धरला.

"ठिवते बाई. पर पोरगी हाय. तिच्या बाबतीत काय कानावर आलं, तर मी त्याच दिशी येऊन घिऊन जाईन. मग शाळा न् बिळा काय न्हाई."

मी म्हटलं, काही होणार नाही, मी आहे ना. किती सहज म्हटलं होतं ते.

दर रविवारी मी मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांच्या फोनवर पाठवायची. फडावरची माणसं रात्री पाचटाच्या कोपीत बसून ते बघायची. या मुलीच्या आईनं एकदा विचारलं होतं, "बाई, ह्ये पाखरू आमच्या दारातल्या लिंबावर बसायचं, त्येच का?" तेच असेल असं मी सांगून टाकलं. मला काय माहीत.

आणि मग ऐन थंडीत बिबट्या आला.

आधी एका वस्तीवरचं कुत्रं गेलं. मग ओढ्याकाठची शेळी गेली. जंगलखात्याची जीप भोंगा लावून गावातून फिरली. एकटं फिरू नका, लहान मुलांना सोडू नका, बाहेर पडलात तर मोठ्यानं बोलत चला, मोबाईलवर गाणी लावा, काठी आपटत चला. गावानं ते मनावर घेतलं. दूधवाला गाणी लावून यायला लागला. ज्वारी राखणारे म्हातारे रिकामा डबा बडवायला लागले. आमची मावशी तर मागच्या अंगणात राख टाकायला जाताना परातीवर उलथनं आपटत जायची. सगळा गाव आवाज करत फिरत होता, आणि मी आठ मुलांना आवाज न करायला शिकवून ठेवलं होतं. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. आता स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

दोन रविवार मी फोटो बंद ठेवले. मुलं रुसली. फडावरून आयांचे फोन आले, फोटु कावून न्हाई आले म्हणून. मी म्हटलं, कॅमेऱ्याचा सेल संपलाय. बिबट्याचं एकीलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांना न्यायला माणसं आली असती. मी मुलांच्या शाळेसाठी खोटं बोलले, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर मला ती भांडणं पुन्हा नको होती.

तिसऱ्या रविवारपर्यंत पंधरा दिवस काहीच कानावर आलं नव्हतं. गेला असेल पुढे, असं जो तो म्हणायला लागला. मीही म्हटलं. आम्ही सकाळी सातला निघालो. तलावापर्यंत सगळ्यांना बडबड करत नेलं. निघताना मावशी दारात उभी राहून म्हणाली होती, "बाई, आज राहू द्या. धुई पडलीय." मी म्हटलं, धुक्यातच तर चांगले फोटो येतात. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

तलावावर पोचलो तेव्हा धुकं पातळ होतं. भिंतीवरच्या गवतात कोळ्यांची जाळी होती आणि प्रत्येक धाग्याला दवाचे थेंब. मुलं वेडी झाली. एका बाजूला हुरड्यात आलेली ज्वारी, माणूस बुडेल एवढी उंच. तिच्यात माचाणावर राखणदार आजोबा गोफण घेऊन बसलेले. ज्वारीच्या खालच्या अंगाला जुनी बिनकठड्याची विहीर, आणि तिच्यापासून तलावाच्या कडेपर्यंत बेशरमीची दाट झुडपं. मी बजावलं, विहिरीकडे कुणी जायचं नाही आणि एकमेकांच्या नजरेबाहेर जायचं नाही. मुलांनी माना डोलावल्या आणि ती चपला हातात घेऊन पांगली. कॅमेरा त्या दिवशी सहावीतल्या मुलीकडे होता. मोबाईल दुसऱ्या दोघांकडे. बाकीचे त्यांच्या मागे, पाळी येण्याची वाट बघत.

मी भिंतीवर बसून थर्मासमधला चहा ओतला. चहा संपेपर्यंत धुकं दाट झालं. पाण्यावरून उठलं आणि भिंतीवर चढलं. आधी पलीकडचा काठ गेला, मग माचाण गेलं, मग मला माझ्या काठीच्या टोकाचा रुमालही नीट दिसेना. मला काही वाटलं नाही. विरळ होईल म्हटलं पाच मिनिटांत.

तेवढ्यात टिटवी ओरडली. एकदा नाही, सारखी, डोक्यावर घिरट्या घालत. टिटवी अशी उगाच ओरडत नाही, एवढं मलाही कळतं. मी उठून उभी राहिले. ज्वारीच्या बाजूने आजोबा धुक्यातून एकदम पुढ्यात आले. ते माचाण सोडून असे कधी येत नसत.

"बाई, पोरं किती हायेत?"

"आठ."

"मोजा बरं."

त्यांनी मला काठीनं भिंतीलगतच्या पाण्याच्या कडेचा चिखल दाखवला. पाऊल होतं. माझ्या तळहाताएवढं, गोल, नखांची खूण नाही. मी वाकून बघितलं तर त्या ठशात पाणी अजून झिरपत होतं.

"आत्ताचा हाय," आजोबा म्हणाले. "लई तर घटकाभर."

मी काठी वर धरली. रुमाल हलवला. धुक्यात काय दिसणार, डोंबल? मग मी हाक मारली. एकेकाचं नाव घेऊन मारली. माझा आवाज तसा मोठा आहे, वर्गातनं बोलले तर रस्त्यावर ऐकू जातं. आठ पोरं त्या धुक्यात होती आणि एकाचीही ओ आली नाही.

मी पुन्हा हाका मारल्या. काही नाही. टिटवी तेवढी ओरडत होती. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की ओ येणारच नाही. मीच शिकवलं होतं. अगदी मी मारली तरी, असं मीच म्हटलं होतं.

"अरे, नियम मोडला रे, ओ द्या," मी ओरडले. पण ओरडताना आवाज इतका चिरकला की ते शब्द मलाच धड कळले नाहीत. मी भिंतीवरून खाली धावले. ओल्या गवतावरून घसरले, गुडघा फुटला, उठले. वीसेक पावलांवर पहिला पोरगा सापडला. मोबाईल डोळ्यांपुढे धरून उकिडवा बसलेला. मी त्याचा दंड धरला तर त्यानं माझ्याकडे रागानं बघून ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, श्शू. धोबी पाखरू बसलंय."

हसावं की रडावं? मी त्याला खेचत नेलं. एकेक करून सगळे असेच सापडले. झुडपाखाली, दगडाआड, अगदी गुणी बाळासारखे गप्प. दोघांनी हाका ऐकल्या होत्या आणि मी परीक्षा घेतेय असं त्यांना वाटलं होतं. आजोबांनी माचाणावरचा डबा आणला आणि बडवायला सुरुवात केली. मी मुलांना त्यांच्याभोवती उभं केलं आणि मोजलं. सात. पुन्हा मोजलं. घाईत एकाला दोनदा मोजलं आणि क्षणभर आठ झाले. पण ती नव्हती. सहावीतली ती नव्हती.

"ती विहिरीकडं गेलती," एक मुलगी म्हणाली. "तितं सुगरणीचे खोपे हायेत म्हनली."

आजोबांनी एका मोठ्या पोराच्या हातात डबा दिला, सगळ्यांना माचाणावर चढवलं आणि बडवत राहा म्हणून सांगितलं. मी तोवर निघाले होते. आजोबा मागून आले. विहिरीच्या अलीकडे मला तिच्या चपला दिसल्या. निळ्या पट्ट्यांच्या, एकीशेजारी एक नीट ठेवलेल्या. देवळाबाहेर काढाव्यात तशा.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी पालथी पडून विहिरीत डोकावले, एवढं आठवतं. खाली धुकं होतं, आणि धुक्याखाली काळं. मी तिचं नाव घेऊन आत हाक मारली. माझीच हाक फिरून वर आली. मी पुन्हा मारली. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी नव्हती, तिची आई होती. ट्रॅक्टरशेजारी उभी, माझा हात धरलेली. तिला मी काय सांगणार होते? सेल संपला होता म्हणून?

आजोबांनी गुडघ्यावर बसून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाई, शेवाळ फाटलं न्हाई. सगळं जागच्या जागी हाय. पोरगी पान्यात न्हाई."

मला हायसं वाटायला हवं होतं. तेवढा एक क्षण वाटलंही. मग दुसरी भीती आली, ती पहिलीपेक्षा मोठी होती. विहिरीत नाही, म्हणजे ती त्या ज्वारीत आहे नाहीतर झुडपात. आणि ज्याचं पाऊल मी बघितलं होतं, तेही तिथेच कुठेतरी आहे. मी विहिरीच्या काठावर बसले आणि तिथूनच हाका मारत राहिले. किती वेळा मारल्या देव जाणे. पुढे पुढे मी हुंदके देत होते आणि मधूनच तिचं नाव येत होतं. चाळिशी उलटलेली बाई, आजोबांसमोर नाक पुसत रडत होते. मला त्याची लाजही वाटत नव्हती.

आणि बेशरमीतून आवाज आला. टिक.

इतका बारीक की आजोबांना ऐकूच गेला नाही. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. यजमानांच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तसं वाजतं.

मी झुडपात घुसले. सात-आठ पावलांवर ती उकिडवी बसली होती. अनवाणी, फ्रॉकच्या घेरात पाय गोळा केलेले, कोपरं बरगड्यांना टेकवलेली, अगदी शिकवल्यासारखी. कॅमेरा माझ्यावर धरलेला. मी आधी तिच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. मग तिला उराशी धरून इतकं आवळलं की ती म्हणाली, बाई, कॅमेरा टोचतोय.

परतताना आजोबा पुढे डबा बडवत होते. मी मुलांना सांगितलं, ओरडा. तर ओरडायचं कुणाला सुचेना. घाबरली होती बिचारी. शेवटी मी तेराचा पाढा सुरू केला. गाव येईपर्यंत आम्ही तेराचा पाढा कोकलत होतो आणि त्या दिवशी एकाचाही चुकला नाही. तिचा हात मी मावशीच्या चुलीपाशी पोचेपर्यंत सोडला नव्हता.

मुलांना ऊन ऊन भाकरी-आमटी दिली. मग मी कॅमेरा बघितला. आधी चार सुगरणीचे खोपे होते. मग नुसतं धुकं. मग मी. धुक्यात तोंड उघडून हाक मारणारी मी. विहिरीत वाकलेली मी. काठावर बसून रडणारी मी, पदर नाकाला लावलेला. माझं इतकं वाईट तोंड मी कधी आरशातही बघितलं नव्हतं. आणि एकही फोटो हललेला नव्हता.

तिला बाजूला घेतलं. "माझ्या हाका तुला ऐकू येत होत्या?"

तिनं मान डोलावली.

"मग?"

"पैल्यांदा नियम म्हून गप बसले," ती म्हणाली. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

"नंतर तुमी लई येळा माजं नाव घेतलं. दसऱ्यापास्नं आसं कुनीच हाक मारली न्हाई. मंग ऐकतच बसले."

मी रोज हजेरीला तिचं नाव घेते. त्याला हाक म्हणत नाहीत, हे मला तिनं शिकवावं. मी उठून मावशीच्या भांड्यांत उगाच हात घातला आणि सगळी भांडी घासून टाकली.

दुपारी जीप आली. ती माणसं आजोबांना घेऊन तलावावर जाऊन आली. पावलं पाण्यापासून बेशरमीच्या कडेकडेनं गेली होती आणि पुढे ज्वारीत शिरली होती. ती मुलगी जिथं बसली होती तिथून दोन हातांवरून. ती बसायच्या आधी गेला की ती बसली असताना, हे कुणालाच सांगता येईना. मी तिला विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. कारण ती अगदीच सहज सांगून टाकील, आणि मग मला ते आयुष्यभर माहीत राहील.

संध्याकाळी फोनची वेळ जवळ आली. मुलगी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आईला सांगू नका. ती घिऊन जाईल मला."

मावशीही म्हणाली, "कशाला सांगायचं बाई? लेकरू सापडलं ना. चांगलं झालं."

मलाही तेच हवं होतं. पण पंधरा दिवस मी गप्प राहिले होते आणि त्या गप्प राहण्यानं काय केलं ते सकाळी बघितलं होतं. फोन वाजला. आई म्हणाली, "बाई, फोटु न्हाई आला आज?" मी सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. बिबट्या, खोटा सेल, धुकं, चपला, विहीर. पलीकडून बैलांच्या घंटा आणि कुणाचं तरी तान्हं रडत असलेलं ऐकू येत होतं.

"पंधरा दिस बिबट्या हाय," ती शेवटी म्हणाली, "न् तुमी मला सेल संपला म्हून सांगता?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हनून भागतं का बाई?"

भागत नाही. मी तसंच म्हटलं. मुलगी दाराला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मनात म्हटलं, झालं. उद्या सकाळच्या गाडीनं आई येणार, परवा ही फडावर असणार, भागाकार गेला, सातवी गेली, सगळं माझ्या एका शहाणपणापायी.

मग आई निराळ्याच आवाजात बोलली.

"मी फडात हाक मारते तिला. मोळी बांधता बांधता तोंडातून नाव जातं, पानी आन गं म्हून. मागल्या वर्षी हिथंच असायची ना. मंग ओ येत न्हाई, तवा ध्यानात येतं. बाकीच्या बाया हासतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राहू द्या तिला तितंच," ती म्हणाली. "हितं तरी कोन राखन करतंय? उसात बी बिबट्या हायच. कोपीला दार न्हाई. पर बाई, तो तुमचा नियम तेवढा मोडा. हाक आली की ओ द्यायची. मंग पाखरू उडूं द्या न्हाईतर काय बी होऊं द्या."

"मोडला," मी म्हटलं.

"द्या तिला."

मी फोन मुलीच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला आणि नुसतीच उभी राहिली, पाठीवर धपाटा बसायची वाट बघत असल्यासारखी. पलीकडून आई रागावली नाही. तिनं फक्त नाव घेऊन हाक मारली, फडातून मारावी तशी, मोठ्यानं. फोन तिच्या कानाला होता तरी मला ऐकू आली.

"ओ," मुलगी म्हणाली.

आईनं पुन्हा हाक मारली.

"ओ."

मी बाहेर अंगणात आले. तलावाच्या बाजूला अंधार पडत होता. पलीकडे ज्वारीत कुणीतरी डबा बडवत होतं. आत आई हाका मारतच होती, आणि ती प्रत्येक हाकेला ओ देत होती.